आपल्याच यानाचा पासवर्ड नसलेला कॅप्टन

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ पाहिलेल्यांना १९९० सालचा ‘ब्रदर्स’ हा भाग आठवत असेल. त्यात डेटा नावाचा अँड्रॉइड (तुमच्या खिशातला नाही, माणसासारखा दिसणारा यंत्रमानव) अचानक बिथरतो. तो सगळ्यांना ब्रिजवरून बाहेर काढतो, कॅप्टन पिकार्डच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि जहाजाच्या कॉम्प्युटरला भलामोठा पासवर्ड लावून टाकतो. मग अख्खं एंटरप्राइज त्याला हवं तिकडे निघतं. कॅप्टन जहाजातच आहे, धडधाकट आहे, पण जहाज काही त्याचं ऐकत नाही.

हे झालं टीव्हीवरचं. गंमत म्हणजे माणूस घेऊन अवकाशात गेलेल्या पहिल्याच यानात जवळपास हाच प्रकार होता. तिथे यंत्राला ताबा हिसकावून घ्यावा लागला नाही, कारण ताबा सुरुवातीपासून यंत्राकडेच होता. कॅप्टन आत बसला तेव्हा त्याच्या हातातलं कंट्रोल लॉक होतं आणि त्याचा कोड एका बंद पाकिटात होता.

त्या कॅप्टनचं नाव युरी गागारिन. शाळेत आपण त्याच्याबद्दल एकच ओळ पाठ करतो: अवकाशात जाणारा पहिला माणूस, १२ एप्रिल १९६१. परीक्षेत एक मार्क मिळतो आणि विषय संपतो. पण गाडी कोण चालवतंय, माणूस की सिस्टीम, हा जो प्रश्न आज सेल्फ ड्रायव्हिंग कारपासून एआयपर्यंत सगळीकडे आहे, तो या माणसाच्या आयुष्यात फार लवकर आणि फार नेमका येऊन गेला. म्हणून आज त्याची गोष्ट जरा सविस्तर.

बोगदा, फाउंड्री आणि विमान

गागारिनचा जन्म ९ मार्च १९३४ चा. गाव क्लुशिनो, मॉस्कोच्या पश्चिमेला स्मोलेन्स्क भागात. वडील सुतार, आई सामूहिक शेतावर गाईगुरांचं दूधदुभतं बघायची. चार भावंडांत हा तिसरा. १९४१ साली जर्मन सैन्य गावात आलं आणि गागारिनांचं घर एका अधिकाऱ्याने बळकावलं. वडिलांनी घरामागे जमीन खणून जेमतेम ३ मीटर लांब-रुंद असा खड्डा केला, वर छप्पर टाकलं, आणि पुढचे सुमारे २१ महिने सगळं कुटुंब त्यात राहिलं. १९४३ मध्ये माघार घेताना जर्मनांनी थोरला भाऊ आणि बहीण या दोघांना मजुरीसाठी ओढून नेलं. दोघंही वाचले आणि युद्ध संपल्यावर घरी परतले. पण मधल्या काळात ते जिवंत आहेत की नाहीत हे घरी कुणालाच माहीत नव्हतं.

इतक्या अरुंद जागेत दोन वर्षं काढलेल्या पोराला पुढे २.३ मीटर व्यासाच्या गोळ्यात बसवलं गेलं, हा योगायोग मला नेहमी विचित्र वाटतो.

युद्धानंतर कुटुंब जवळच्या ग्झात्स्क गावी गेलं. सोळाव्या वर्षी युरी मॉस्कोजवळच्या ल्युबेर्त्सीमध्ये फाउंड्रीचं काम शिकायला लागला. तिथून साराटोव्हच्या तांत्रिक शाळेत गेला. म्हणजे आपल्या भाषेत आयटीआय, मग डिप्लोमा. साराटोव्हमध्ये हौशी लोकांचा एक फ्लाइंग क्लब होता. शिक्षण सांभाळून हा तिथे जाऊ लागला आणि १९५५ साली त्याने याक-१८ हे छोटं विमान एकट्याने उडवलं. डिप्लोमा हातात पडला त्याच वर्षी तो हवाई दलाच्या ओरेनबर्गच्या प्रशिक्षण शाळेत दाखल झाला.

तिथे तो जवळजवळ नापास होणार होता. बाकी सगळं जमायचं, विमान उतरवताना गडबड व्हायची. त्याची उंची होती ५ फूट २ इंच. कॉकपिटमधून धावपट्टी नीट दिसतच नाही हे वरिष्ठांच्या लक्षात आलं, त्यांनी सीटवर एक उशी ठेवायला लावली आणि लँडिंग सुधारलं, असा किस्सा सांगतात. हार्डवेअरचा प्रॉब्लेम आहे आणि दोष युजरवर, हे तेव्हाही होतं म्हणायचं.

१९५७ साली तो लढाऊ वैमानिक झाला, व्हॅलेंटिनाशी त्याचं लग्नही त्याच वर्षी झालं. पोस्टिंग मिळालं थेट उत्तर ध्रुवीय पट्ट्यात, नॉर्वेच्या सीमेजवळ लुओस्तारी तळावर. अंधार, बर्फ, सोसाट्याचा वारा आणि मिग-१५. अशा ठिकाणी विमान तुमच्याच हातात असतं. हात चुकला तर दुसरं कुणी सावरायला येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या नोकरीत त्याच्याकडून नेमकं हेच काढून घेतलं जाणार होतं.

पायलट हवा, पण पायलटिंग नको

१९५९ च्या शेवटी सोव्हिएत हवाई दलात गुपचूप शोधाशोध सुरू झाली. वय ३० च्या आत, उंची १७० सेंटीमीटरपेक्षा कमी, वजन ७२ किलोपर्यंत, तब्येत ठणठणीत. यान लहान होतं, त्यामुळे जी उंची ओरेनबर्गमध्ये अडचण होती ती इथे सोय ठरली. शेकडो वैमानिकांतून २० जण निवडले गेले. त्यांना फिरत्या यंत्रात गरगरवलं, बंद खोलीत कित्येक दिवस एकटं ठेवलं, तापलेल्या खोलीत बसवलं. सहकाऱ्यांना विचारण्यात आलं की स्वतःला सोडून पहिला कोण जावा, तेव्हा बहुतेकांनी गागारिनचं नाव दिलं. आणखी एक किस्सा प्रसिद्ध आहे. यान पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा गागारिन बूट काढून आत शिरला. यानाचे मुख्य डिझायनर सर्गेई कोरोलेव्ह हे बघत होते आणि त्यांना ते फार भावलं.

कोरोलेव्ह यांचं नाव तेव्हा जगाला ठाऊक नव्हतं, ते सरकारी गुपित होतं. त्यांच्या टीमने बनवलेलं ‘वोस्तोक’ हे यान मुळात माणसाशिवाय चालेल असंच डिझाइन केलेलं होतं. याचं एक कारण अगदी व्यवहारी होतं. त्याच डिझाइनवर हेरगिरी करणारा उपग्रहही बनत होता, माणसाच्या जागी कॅमेरा. शिवाय कुत्र्यांसोबतच्या चाचण्यांमध्ये यान आपोआप वर जाऊन परत यायलाच हवं होतं. मग माणूस बसवल्यावर सिस्टीम बदलायची कशाला?

दुसरं कारण होतं भीती. वजनरहित अवस्थेत माणसाच्या डोक्याचं काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. अन्न गिळता येईल का? दिसेल का नीट? की पृथ्वी खाली तरंगताना बघून माणूस वेडा होईल? काही डॉक्टरांना खरोखर वाटत होतं की अंतराळवीर भान हरपून नको ते बटण दाबेल. म्हणून ठरलं की मॅन्युअल कंट्रोल लॉक करायचं.

लॉक कसं होतं ते बघा. केबिनमध्ये आकड्यांची बटणं होती. ३ आकडी कोड दाबला तरच हाताने यान वळवायची यंत्रणा चालू होणार. तो कोड गागारिनला सांगायचा नाही. तो एका बंद पाकिटात घालून केबिनच्या आतल्या अस्तराला चिकटवायचा. ऑटोमॅटिक सिस्टीम बिघडली तर त्याने पाकीट फोडायचं, आकडे वाचायचे, बरोबर दाबायचे. एवढं ज्याला जमतं तो शुद्धीवर आहे असं मानायचं.

जरा विचार केला तर हा पासवर्डच नाही. पासवर्ड विचारतो, तू कोण? हा कोड विचारत होता, तू ठिकाणावर आहेस ना? वेबसाइटवर आपण ‘मी रोबोट नाही’ वर टिक करतो, ट्रॅफिक सिग्नलचे फोटो निवडतो, त्याचा हा पणजोबा. फरक इतकाच की इथे कॅप्चा चुकला असता तर पेज रिफ्रेश करायची सोय नव्हती.

गागारिनच्या आधीचा प्रवासी

खरं तर वोस्तोकमध्ये बसलेला पहिला ‘अंतराळवीर’ गागारिन नव्हता. त्याच्या आधी इव्हान इव्हानोविच जाऊन आला होता. हा माणसाच्या आकाराचा पुतळा. नारिंगी स्पेससूट, हेल्मेट, आत मोजमापाची उपकरणं. चेहरा इतका खरा होता की गावकऱ्यांना प्रेत वाटू नये म्हणून हेल्मेटच्या काचेमागे ‘नमुना’ अशा अर्थाचा रशियन शब्द लिहावा लागला. रेडिओ तपासायला त्याच्यासोबत टेप ठेवली होती. साधं बोलणं ठेवलं तर पाश्चात्त्य देशांना वाटेल की रशियाने लपूनछपून माणूस पाठवलाय, म्हणून टेपवर गायकवृंदाचं गाणं आणि सूपची रेसिपी. अवकाशातून कोबीचं सूप कसं करायचं हे ऐकणाऱ्या हेरांचं काय झालं असेल देव जाणे.

इव्हानचं पहिलं उड्डाण झालं ९ मार्च १९६१ ला. त्या दिवशी गागारिन २७ वर्षांचा झाला. दुसरं झालं २५ मार्चला. दोन्ही वेळा यानाने सगळं आपोआप केलं आणि पुतळा ठरल्याप्रमाणे यानातून बाहेर फेकला जाऊन पॅराशूटने उतरला. अडीच आठवड्यांनी त्याच प्रकारच्या सीटवर गागारिन बसणार होता. सिस्टीमच्या दृष्टीने दोघांत फरक शून्य. वजन ठेवलंय, बस्स.

पण सिस्टीमचा रेकॉर्ड तरी कसा होता? मे १९६० च्या पहिल्या चाचणीत परतीच्या वेळी यान चुकीच्या दिशेला तोंड करून होतं. इथे थोडं विज्ञान. कक्षेतलं यान ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पळत असतं. खाली यायचं तर वेग थोडा कमी करायचा, म्हणजे इंजिनचा झोत पुढच्या दिशेला सोडायचा. तो ब्रेक. दिशा चुकली की हाच ब्रेक ॲक्सिलरेटर होतो. त्या यानाचं तेच झालं, ते खाली यायचं सोडून आणखी वर गेलं. जुलै १९६० मध्ये रॉकेट फुटून दोन कुत्री गेली. ऑगस्टमध्ये बेल्का आणि स्ट्रेल्का सुखरूप परतल्या. डिसेंबरमध्ये परतीचा मार्ग चुकल्यामुळे एक यान दोन कुत्र्यांसकट उडवून द्यावं लागलं, आणि त्याच महिन्यात आणखी एक कक्षेपर्यंत पोचलंच नाही, त्यातली कुत्री मात्र वाचली. ज्या यंत्रावर पूर्ण विश्वास ठेवून माणसाचे हात बांधायचे होते, त्या यंत्राचं प्रगतिपुस्तक हे असं.

म्हणूनच कोडची पुढची गोष्ट इतकी माणुसकीची आहे. ज्यांनी लॉक बसवलं त्यांनीच ते आधी फोडलं. उड्डाणाच्या सकाळी गागारिनला सीटवर बसवून देणारे इंजिनिअर ओलेग इव्हानोव्स्की यांना राहवलं नाही, त्यांनी हळूच आकडे सांगून टाकले: १, २, ५. गागारिन हसला. अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख जनरल कामानिन यांनी त्याला ते आधीच सांगितले होते. आपल्याकडे टीममधल्या सगळ्यांना माहीत असलेला ‘सीक्रेट’ पासवर्ड असतो ना, तसंच. नियम कागदावर राहिला आणि एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी त्याला बगल दिली.

१०८ मिनिटं

१२ एप्रिलच्या सकाळी बायकोनूरला यानाचं दार लावलं, तर दार बंद झाल्याचा एक सिग्नल येईना. ३० नट सोडवले, दार पुन्हा बसवलं, ३० नट पुन्हा आवळले. गागारिन आत शांत. उड्डाणाआधी त्याची नाडी मिनिटाला ६४ होती. घरी त्याची धाकटी मुलगी गालिना तेव्हा पाच आठवड्यांची होती आणि थोरली येलेना साधारण दोन वर्षांची होती.

मॉस्कोच्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ७ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे ११:३७ ला, रॉकेट उडालं. वोस्तोकमध्ये आजच्या अर्थाने कॉम्प्युटर नव्हताच. घड्याळावर चालणारी आज्ञांची मालिका होती, साधारण वॉशिंग मशीनच्या टायमरसारखी: अमुक वेळ झाली, तमुक कर. सूर्य कुठे आहे हे ओळखणारा सेन्सर, फिरते गायरोस्कोप आणि दाबाखालचा वायू सोडून यान वळवणाऱ्या छोट्या नळ्या. समोर ‘ग्लोबस’ नावाचं उपकरण. दातेरी चाकांवर फिरणारा छोटासा पृथ्वीगोल, आपण आत्ता कुठे आहोत ते दाखवणारा. जीपीएस यायला अजून बराच काळ होता.

पायाशी होती ‘वझोर’ नावाची खिडकी. कोड दाबून कंट्रोल हातात आलं असतं तर तो याच खिडकीच्या भरवशावर यान वळवणार होता. मध्ये खालची जमीन दिसायची, कडेने ८ ठिकाणी क्षितिज. आठही ठिकाणी क्षितिज सारखं उजळलं म्हणजे यान सरळ. मग जमीन काचेवरच्या रेघांच्या दिशेने सरकतेय का ते बघायचं, म्हणजे इंजिनाचं तोंड बरोबर दिशेला. सेन्सर नाही, स्क्रीन नाही. डोळा आणि हात, विमानात करतात तसं.

गडबड पहिल्या काही मिनिटांतच झाली होती. रॉकेटचं इंजिन बंद होण्याची आज्ञा वेळेवर पोचली नाही, ते थोडं जास्त चाललं. त्यामुळे कक्षेचं लांबचं टोक ठरलेल्या सुमारे २३० किलोमीटरऐवजी ३२७ किलोमीटरवर गेलं. यात काय एवढं? तर वोस्तोकला ब्रेकचं इंजिन एकच होतं, बॅकअप नाही. ते चाललं नाही तर यान कक्षेतच अडकणार. म्हणून कक्षा मुद्दाम इतकी खाली ठरवली होती की हवेच्या विरळ घर्षणाने यान १० दिवसांत आपोआप खाली यावं, आणि अन्न-हवासुद्धा १० दिवसांचीच ठेवली होती. नव्या कक्षेतून खाली यायला त्याच्या साधारण दुप्पट दिवस लागले असते. म्हणजे प्लॅन बी उड्डाणातच बाद झाला होता.

गागारिनने काय केलं? त्याने ट्यूबमधलं अन्न खाल्लं, पाणी प्यायलं, पेन्सिलीने नोंदी केल्या. पेन्सिल तरंगत निसटली तेव्हा टेपरेकॉर्डरवर बोलत राहिला. खिडकीतून दिसणाऱ्या पृथ्वीचं, ढगांच्या सावल्यांचं, क्षितिजावरच्या निळ्या पट्ट्याचं वर्णन करत राहिला. डोकं अगदी ठिकाणावर होतं. पाकिटाला हात लावायची वेळ आली नाही.

१०:२५ ला, यान आफ्रिकेजवळ असताना, ब्रेकचं इंजिन पेटलं आणि सुमारे ४० सेकंद चाललं. पण एक सेकंद आधीच थांबलं. सिस्टीम नीट काम संपल्याच्या सिग्नलची वाट बघत होती, तो आलाच नाही. सिग्नल नाही म्हणजे पुढची पायरी नाही. पुढची पायरी होती गोल केबिनला मागच्या यंत्रांच्या भागापासून वेगळं करणं. ते १० सेकंदांत व्हायला हवं होतं, लागली जवळजवळ १० मिनिटं. तोवर दोन्ही भाग एकमेकांना धरून भोवऱ्यासारखे गरगरत होते. डोकं, पाय, डोकं, पाय. खिडकीत एकदा सूर्य, एकदा आफ्रिका. त्याने डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून पाय आडवे धरले, घड्याळावर वेळ मोजली, मनातल्या मनात हिशेब केला की अशातही सोव्हिएत हद्दीत कुठेतरी उतरता येईल, आणि सगळं ठीक असल्याचा संदेश पाठवला. शेवटी वातावरणात शिरताना उष्णता वाढली तेव्हा दोन्ही भाग सुटले.

ही गोष्ट त्याने उतरल्यावर अधिकाऱ्यांना सविस्तर सांगितली. तो अहवाल मात्र ३० वर्षं बाहेर आला नाही. जगाला सांगितलं गेलं की सगळं यंत्रवत, बिनचूक पार पडलं.

मला विचाराल तर त्याचं खरं कौशल्य इथे आहे. काही करता येत असताना धीर धरणं वेगळं आणि कंट्रोल लॉक असलेल्या, गरगरणाऱ्या गोळ्यात बसून बिघाडाची व्यवस्थित नोंद ठेवणं वेगळं. पुतळ्याने हे केलं नसतं. पुतळ्याच्या उपकरणांनी कंपनं मोजली असती, पण यान का फिरतंय आणि त्याने फार बिघडणार नाही, हा निष्कर्ष काढायला आत माणूसच लागला.

सुमारे ७ किलोमीटर उंचीवर तो सीटसकट बाहेर फेकला गेला आणि पॅराशूटने उतरला. यान वेगळं पडलं. आंतरराष्ट्रीय विक्रमाच्या नियमात वैमानिक यानातच उतरायला हवा होता, म्हणून ही गोष्टही कित्येक वर्षं लपवली गेली. तो उतरला व्होल्गाकाठी, साराटोव्ह भागातच. जिथे सहा वर्षांपूर्वी विमान चालवायला शिकला त्याच्या जवळ. शेतात एक आजी आणि तिची नात होती. नारिंगी कपड्यातला, पांढऱ्या हेल्मेटचा माणूस बघून त्या घाबरल्या. हेल्मेटवर देशाचं नाव होतं खरं, पण तेही उड्डाणाच्या सकाळी घाईघाईत रंगवलेलं, कारण वर्षभरापूर्वीच अमेरिकेचा एक हेर वैमानिक रशियात पाडला गेला होता.

देशाने लावलेलं लॉक

चारच महिन्यांनी गेरमान तितोव्ह २५ तासांहून जास्त काळ अवकाशात राहिला. त्याला मळमळ झाली, झोपही लागली, आणि त्याने स्वतःच्या हाताने यान वळवून दाखवलं. वेडबिड काही लागलं नाही. अमेरिकेत फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेनच्या यानाची ऑटोमॅटिक सिस्टीम गडबडली, त्यालाही बराच वेळ हाताने यान सांभाळावं लागलं. मार्च १९६५ मध्ये तर ‘वोस्खोद-२’ ची परतीची ऑटोमॅटिक यंत्रणा ऐन वेळी फेल झाली आणि पावेल बेल्यायेव्हने हाताने दिशा धरून यान खाली आणलं. ते घनदाट बर्फाळ जंगलात पडलं, पण दोघंही जिवंत परतले. कॅप्टनला लॉक करून ठेवण्याची भीती अशी हळूहळू ओसरली.

गागारिनच्या बाबतीत मात्र उलटं घडत गेलं. तो देशोदेशी फिरला. १९६१ च्या शेवटी भारतातही आला, मुंबईतही येऊन गेला. हार, भाषणं, मेजवान्या, सह्या. वजन वाढलं. त्याच वर्षी क्रिमियात सुट्टीवर असताना बाल्कनीतून पडून भुवईवर कायमची खूण राहिली. सरकारच्या लेखी आता तो वैमानिक कमी आणि राष्ट्रीय ठेवा जास्त होता. ठेवा जपून ठेवतात, वापरत नाहीत. तो प्रशिक्षण केंद्राचा उपप्रमुख झाला, इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी अभ्यास करू लागला, आणि पुन्हा अवकाशात जायची परवानगी मागत राहिला.

१९६७ साली ती संधी अगदी जवळ आली. ‘सोयुझ-१’ या नव्या यानाचा वैमानिक व्लादिमीर कोमारोव्ह, राखीव वैमानिक गागारिन. २३ एप्रिलला उड्डाण झालं आणि लगेच बिघाड सुरू झाले. एक सौर पंख उघडलाच नाही. दिशा धरणारी ऑटोमॅटिक यंत्रणा नीट चालेना. परतीचा पहिला प्रयत्न फसला. गागारिन जमिनीवरच्या नियंत्रण केंद्रातून रेडिओवर त्याच्याशी बोलत होता. शेवटी कोमारोव्हने ऑटोमॅटिकने हात टेकल्यावर स्वतः यान वळवलं, बरोबर वेळी ब्रेकचं इंजिन चालवलं आणि यान कक्षेतून खाली आणलं. इतकं अवघड काम त्याने हाताने केलं. आणि मग पॅराशूट उघडलं नाही. राखीव पॅराशूटही गुंतलं. २४ एप्रिलच्या सकाळी ओरेनबर्ग भागात यान जमिनीवर आदळलं. यानाच्या उड्डाणात मेलेला तो पहिला माणूस.

यंत्र वाईट आणि माणूस चांगला असं सोपं गणित इथे मांडता येत नाही. कोमारोव्हकडे कंट्रोल होतं, त्याने ते निर्दोष वापरलं, तरी पॅराशूटच्या डब्याचं डिझाइन त्याच्या हातात नव्हतं.

या अपघातानंतर गागारिनचं अवकाशात जाणं कायमचं बंद झालं. असा माणूस गमावणं देशाला परवडणार नव्हतं. त्याला जेट विमानं उडवायलाही मोजूनमापून मिळायची. लॉक पुन्हा लागलं होतं, आणि या वेळी कोड हळूच कानात सांगणारं कुणी नव्हतं.

त्याने अभ्यास मात्र सोडला नाही. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्याला झुकोव्स्की अकादमीची इंजिनिअरिंग पदवी मिळाली. प्रोजेक्टचा विषय होता पुन्हा वापरता येणारं, पंख असलेलं अंतराळयान, जे विमानासारखं धावपट्टीवर उतरेल. ज्याला आयुष्यात एकदाच यान मिळालं, तेही कंट्रोल लॉक केलेलं, त्याने निवडलेला विषय हा.

आज त्याच्या नावाच्या प्रशिक्षण केंद्रात जगभरचे अंतराळवीर शिकून जातात. राकेश शर्मा तिथेच तयार झाले, गगनयानसाठी निवडलेल्या आपल्या चौघा वैमानिकांनीही २०२० आणि २०२१ मध्ये तिथे प्रशिक्षण घेतलं. आणि गगनयानमध्ये माणसाआधी इस्रो पाठवणार आहे ती ‘व्योममित्रा’, एक अर्धमानवी यंत्रमानव. इव्हान इव्हानोविचची ही नात बोलते आणि पॅनेलवरची कामंही करते.

पदवीनंतर गागारिनने विमान उडवण्याची परवानगी पुन्हा मिळवली. मार्चमध्ये त्याने प्रशिक्षकासोबत मिग-१५ वर डझनाहून जास्त सराव उड्डाणं केली. २७ मार्च १९६८ ला व्लादिमीर सेर्योगिन या मुरलेल्या वैमानिकासोबत परीक्षेचं उड्डाण होतं. ते पार पडलं की त्याला मिग-१७ एकट्याने उडवायला मिळणार होतं. सकाळी १०:१८ ला त्यांनी उड्डाण केलं. ढग खाली होते. १०:३० च्या सुमारास गागारिनने काम संपल्याचं कळवून परत यायची परवानगी मागितली. त्यानंतर संपर्क तुटला. किर्झाच गावाजवळच्या जंगलात विमान कोसळलं, दोघंही गेले. गागारिन ३४ वर्षांचा होता.

चौकशीचे कागद कित्येक दशकं बंद राहिले. २०११ साली खुल्या झालेल्या निष्कर्षात म्हटलं होतं की हवामानाचा फुगा किंवा ढग टाळण्यासाठी विमान एकदम वळवलं गेलं असावं. त्याचा मित्र, अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह, दुसरं एक लढाऊ विमान फार जवळून गेल्यामुळे ते भोवऱ्यात सापडलं असं शेवटपर्यंत सांगत राहिला.

१० एप्रिल १९६१ ला, उड्डाणाच्या दोन दिवस आधी, गागारिनने व्हॅलेंटिनासाठी एक पत्र लिहून ठेवलं होतं. यंत्रावर आपला पूर्ण विश्वास आहे, पण चालता-चालता माणूस साध्या रस्त्यावरही पडतो, असं काहीसं त्यात होतं. आपण परत आलो नाही तर मुलींना राजकन्यांसारखं लाडावू नको, चांगली माणसं कर, आणि पुन्हा लग्न करायचं की नाही हे तू तुझं ठरव, असंही. तो परतल्यामुळे ते पत्र तिला कुणी दिलंच नाही. ते तिच्या हाती पडलं १९६८ मध्ये, विमान पडल्यावर.